गाडी झोपते, कॅमेरा जागतो

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या समोरच्या काचेला आतून चिकटवलेला, रस्ता सतत रेकॉर्ड करत राहणारा छोटासा कॅमेरा. एवढं एक वाक्य लिहून मी दहा मिनिटं थांबले, कारण 'विंडशील्ड'ला 'समोरची काच' सोडून दुसरा शब्दच सुचेना. (कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास शेवटचा असायचा, त्याचा हा परिणाम. संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

तर मंडळी, कॅमेरा चिकटवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. काच पुसा, स्टिकर दाबा, झालं. खरा प्रश्न पुढे येतो. याला करंट कुठून द्यायचा? आणि गाडी बंद करून आपण झोपायला गेलो, की तो करंट कोणी, कधी तोडायचा? हा दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मग सकाळी गाडी 'टक्' एवढाच आवाज करते आणि वॉचमनकाकांना धक्का मारायला बोलवावं लागतं.

मी या भानगडीत पडले ती मामामुळे. मामा सोलापूरला स्वतःची सात सीटर टुरिस्ट गाडी चालवतो. स्वतःची म्हणजे हप्त्यांची. एका लग्नाच्या कार्यालयाबाहेर रात्री गाडी उभी होती, कोणीतरी रिव्हर्स घेताना मागचा दरवाजा चेपून निघून गेलं. कोणी पाहिलं नाही, कोणी बोललं नाही. इन्शुरन्स क्लेम करावा तर नो क्लेम बोनस जातो, न करावा तर पैसे खिशातून जातात. मामाने दुसरा पर्याय निवडला आणि मला फोन केला, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग गाडी बंद असताना पण चालेल असा कॅमेरा लावून दे." घरच्यांच्या दृष्टीने इलेक्ट्रिकल म्हणजे मिक्सर, इन्व्हर्टर, गीझर आणि आता मामाची गाडी. असो.

सुरुवातीलाच एक प्रामाणिक सल्ला देते. गाडी चालू असतानाच रेकॉर्डिंग हवं असेल, तर पुढचं काही न वाचता कॅमेऱ्याची पिन लायटर सॉकेटमध्ये घाला आणि मेसमध्ये जा. बहुतेक गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट बंद होतं, त्यामुळे बॅटरीची काळजीच नाही. मामाची अडचण दुहेरी होती. सॉकेट पॅसेंजरच्या चार्जरसाठी मोकळं हवं, आणि गाडी उभी असताना कॅमेरा जागा हवा. त्याला 'पार्किंग मोड' म्हणतात. कॅमेरा अर्धवट झोपतो, धक्का लागला किंवा समोर हालचाल झाली की जागा होऊन रेकॉर्ड करतो. यासाठी कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडावा लागतो, आणि त्याच्यासाठी 'हार्डवायर किट' नावाची एक काडेपेटीएवढी डबी मिळते.

आता गाडीचं वायरिंग. घाबरू नका, आपल्या सेकंड इयरच्या मशीन्सपेक्षा सोपं आहे. बॅटरीत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल, म्हणून पूर्ण भरलेली '१२ व्होल्ट'ची बॅटरी प्रत्यक्षात १२.६ च्या आसपास असते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ताबा घेतो आणि व्होल्टेज १३.८ ते १४.४ पर्यंत चढतं. बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो, त्यामुळे अख्खी बॉडी हीच परतीची वायर. गॅरेजमध्ये तिला 'बॉडी अर्थ' म्हणतात. (आपले पॉवर सिस्टिम्सचे सर हा शब्द ऐकून कपाळाला हात लावतील, कारण चार टायरवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी काही संबंध नसतो.)

पॉझिटिव्ह बाजू मात्र फ्यूज बॉक्समधून जाते आणि तिथे दोन प्रकारचे कस्टमर असतात. काही फ्यूजना चोवीस तास सप्लाय असतो: आतला दिवा, सेंट्रल लॉक, हॅझर्ड. काहींना चावी फिरवल्यावरच मिळतो: लायटर सॉकेट, म्युझिक सिस्टिम, वायपर. हार्डवायर किटला या दोन्हींची गरज असते. म्हणून तिच्यातून तीन वायरी निघतात. एक कायमच्या सप्लायला, एक चावीच्या सप्लायला आणि एक बॉडीला. पहिलीतून पोट भरतं. दुसरीतून फक्त बातमी कळते की मालक आले, नीट रेकॉर्डिंग सुरू करा. मालक गेले, पार्किंग मोडमध्ये जा.

रंगांची एक गंमत आहे. आपल्या डोक्यात लाल म्हणजे मेन पॉझिटिव्ह. पण कार स्टिरिओच्या जुन्या प्रथेप्रमाणे पिवळी वायर कायमची आणि लाल वायर चावीची. बहुतेक किट हीच प्रथा पाळतात, सगळे नाही. तेव्हा रंगावर न जाता वायरवरचं लेबल वाचा. दोन्ही वायरी कायमच्या सप्लायला जोडल्या, तर कॅमेऱ्याला वाटतं मालक गाडीतच बसलेत. मग तो रात्रभर पूर्ण ताकदीने रेकॉर्ड करतो. दोन्ही चावीच्या सप्लायला जोडल्या, तर पार्किंग मोड कधी सुरूच होत नाही.

डबीच्या आत काय असतं? कॅमेरा ५ व्होल्टवर चालतो, म्हणून मुख्य भाग म्हणजे बक कन्व्हर्टर. 'आपला लाडका ७८०५ का नाही लावायचा?' असं मिनी प्रोजेक्टवाले विचारतील. हिशोब करा. १३.८ मधून ५ वजा केले की ८.८ व्होल्ट उरतात. १ अँपिअरला ८.८ वॉट नुसती उष्णता, आणि ती डॅशबोर्डखाली, प्लास्टिक आणि अस्तराच्या मधोमध. कॅमेऱ्याला मिळतात ५ वॉट आणि त्याहून जास्त हवेत जातात! बक कन्व्हर्टर तेच काम बॅटरीकडून साधारण अर्धा अँपिअर घेऊन करतो. शिवाय गाडीचे १२ व्होल्ट म्हणजे लॅबमधला सभ्य पॉवर सप्लाय नाही. सेल्फ मारताना ते खाली आपटतं आणि लोड अचानक सुटला की वर उसळी मारतं. चांगल्या किटमध्ये याची सोय असते. घरगुती जुगाडात नसते.

आता फ्यूज. या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे आग लागते.

फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो वायरला वाचवतो. समजा, किटकडे जाणारी बारीक वायर कुठेतरी पत्र्याच्या कडेला घासली, तिचं आवरण फाटलं आणि तांबं बॉडीला लागलं. अशा एक मीटर वायरचा रेझिस्टन्स साधारण ०.०५ ओहम धरा. १२ भागिले ०.०५, म्हणजे २४० अँपिअर. बॅटरीचा आणि जोडण्यांचा रेझिस्टन्स धरून हा आकडा कमी होईल, तरी केसाएवढ्या तारांच्या त्या वायरला लालबुंद करायला तो कितीतरी पटींनी पुरेसा आहे. सेल्फसाठी शेकडो अँपिअर देणारी बॅटरी समोर आपली यूएसबी केबल आहे म्हणून हात आखडता घेत नाही. म्हणून नवीन वायरीला स्वतःचा फ्यूज हवा, आणि तो सप्लायच्या टोकाला अगदी जवळ हवा. कॅमेऱ्याजवळ फ्यूज लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर.

ॲक्सेसरीच्या दुकानात काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. (दुकान कुठलं ते सांगत नाही.) सॉकेटच्या मागची कंपनीची वायर ब्लेडने सोलली, नवीन वायर तिला पिळली, वर काळी टेप. पाच मिनिटांत काम, पाहुण्यांना चहा. आता ती वायर १५ अँपिअरच्या फ्यूजच्या मागे आहे, म्हणजे नवीन बारीक वायर तापायला लागली तरी १५ अँपिअरपर्यंत फ्यूज 'चालू द्या' म्हणणार. आणि सोलापूरच्या मे महिन्यात टेपचा गोंद पातळ होऊन टेप उलगडते ते वेगळंच. शिवाय सोललेली वायर दिसली की वायरिंगच्या वॉरंटीचा विषय सर्व्हिस सेंटरवाले तिथेच संपवतात.

सरळ उपाय म्हणजे 'फ्यूज टॅप'. कुठलीही वायर न कापता फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज उपटायचा, त्याच्या जागी हा टॅप खोचायचा. टॅपला दोन खाचा असतात. एकीत गाडीचा मूळ फ्यूज तसाच बसतो, दुसरीत कॅमेऱ्याचा नवीन. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअर भरपूर झाले. रंगाने ओळखायचं तर २ राखाडी, ३ जांभळा. मूळ फ्यूज लाल असेल तर १०, निळा असेल तर १५, आणि तो होता तेवढ्याच अँपिअरचा परत घालायचा. फ्यूजचे आकारही वेगवेगळे असतात, तेव्हा आधी गाडीतला एक काढून बघा आणि मग टॅप विकत घ्या. नाहीतर दुकानाच्या दोन फेऱ्या नक्की.

टॅप उलटासुलटा दोन्ही प्रकारे बसतो आणि कॅमेरा दोन्ही वेळेला चालतो, पण आतला रस्ता बदलतो. फ्यूजच्या दोन पायांपैकी एका पायाला सप्लाय येतो, दुसऱ्यातून लोडकडे जातो. टॅपची नवीन शाखा सप्लायच्या पायावरून निघाली, तर कॅमेऱ्याचा करंट फक्त नवीन फ्यूजमधून जातो आणि मूळ फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. उलटा बसला तर तोच करंट आधी मूळ फ्यूजमधून येतो आणि मग नवीन फ्यूजमधून, म्हणजे मूळ सर्किटवर ओझं. कसं ओळखायचं? फ्यूज काढा, चावी ऑन करा, मल्टिमीटरची काळी प्रोब बॉडीला, लाल प्रोब एकेका खाचेला. जिथे १२ व्होल्ट दिसतात ती सप्लायची बाजू.

कुठल्या फ्यूजला हात लावायचा नाही ते आता. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा ईसीयू, पॉवर स्टिअरिंग, फ्युएल पंप, हेडलाइट. यावर चर्चा नाही. एका नव्या कॅमेऱ्यासाठी ब्रेकच्या सर्किटशी खेळायची गरज नसते. कायमचा सप्लाय निवडताना आणखी एक फसगत होते. नवीन गाड्यांत आतल्या दिव्यासारखी काही सर्किटं गाडी लॉक केल्यावर थोड्या वेळाने आपोआप झोपतात. लगेच मोजलं तर १२ व्होल्ट दिसतात, कॅमेरा जोडला की अर्ध्या तासात बंद! म्हणून गाडी लॉक करून अर्ध्या तासाने परत मोजायचं आणि मगच फ्यूज पक्का करायचा.

काळी वायर सोपी आहे, पण तीच सगळ्यात जास्त त्रास देते. पत्र्यावरचा रंग हा इन्सुलेटर असतो हे फर्स्ट इयरला कळलेलं असूनही लोक रंगावर बोल्ट आवळतात. कंपनीने स्वतः दिलेला अर्थचा बोल्ट शोधा, डॅशबोर्डखाली एखादा असतोच. सीटबेल्टचे बोल्ट मात्र सैल करायचे नाहीत.

वायर वर न्यायची तर छताच्या अस्तराच्या कडेतून, मग काचेच्या बाजूच्या खांबातून खाली. त्या खांबाच्या प्लास्टिकवर 'एअरबॅग' असं कोरलेलं असेल, तर आत पडदा एअरबॅग घडी घालून बसलेली आहे. अपघातात ती सेकंदाच्या छोट्याशा भागात उघडते. तिच्या पुढून वायर गेली असेल, तर ती वायर अडथळा होते किंवा चाबकासारखी तोंडावर येते. वायर एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या वायरिंगला जागोजागी बांधून न्यायची. हे काम करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये कपॅसिटर असतात आणि ते थोडा वेळ चार्ज धरून ठेवतात. खांब उघडायला हात धजावत नसेल, तर एवढा भाग सर्व्हिस सेंटरमधून करून घ्या. त्यात काही कमीपणा नाही. मामाच्या गाडीचा खांब आम्ही तिथेच उघडून घेतला.

आता तो दुसरा प्रश्न, करंट तोडायचा कधी?

गाडीची बॅटरी ही धावपटू आहे, हमाल नाही. पातळ प्लेट्स, क्षणभर प्रचंड करंट, मग अल्टरनेटरकडून भरून घेणं, हे तिचं काम. रोज थोडं थोडं खोल उतरवलं तर सल्फेशन होऊन ती लवकर म्हातारी होते. विश्रांती घेतलेल्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण असं वाचतात: १२.६ ला पूर्ण भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव, ११.८ ला जवळजवळ रिकामी. किटमध्ये एक कटऑफ असतो. बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की तो कॅमेऱ्याला उपाशी ठेवतो. बऱ्याच किटमध्ये ११.८ हाही पर्याय असतो, आणि 'जास्त वेळ रेकॉर्डिंग मिळेल' म्हणून लोक नेमका तोच निवडतात. रेकॉर्डिंग मिळेल हो, गाडी चालू होणार नाही! मी मामाचं किट १२.२ वर ठेवलं.

मामाच्या गाडीचा हिशोब असा. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा ०.२२ अँपिअर घेतो. गाडीची स्वतःची झोपेतली भूक आणि टुरिस्ट गाडी म्हणून बसवलेला जीपीएस ट्रॅकर मिळून ०.०५. एकूण ०.२७. अर्धी बॅटरी म्हणजे २२.५ अँपिअर-अवर, भागिले ०.२७, साधारण ८३ तास, म्हणजे जवळजवळ साडेतीन दिवस. हे नव्या बॅटरीचं. तीन-चार वर्षं जुन्या बॅटरीची कपॅसिटी ६० टक्के उरली असं धरलं, तर ५० तास.

मामा एका दिवसात पुण्याला जाऊन येतो, पाचशे किलोमीटर. रात्रभरात कॅमेऱ्याने खाल्लेलं बॅटरीला इंदापूरच्या आतच परत मिळत असेल. पण आपल्या स्टाफ क्वार्टर्समधून डिपार्टमेंटपर्यंत रोज आठशे मीटर गाडीने येणाऱ्या सरांचं काय? (नाव घेत नाही, पार्किंगमध्ये सगळे ओळखतात.) तीन मिनिटांत अल्टरनेटर सेल्फने खाल्लेलंच कसंबसं भरतो. अशा गाडीत पार्किंग मोड लावला तर कटऑफ रोज पडेल आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहील. सर, तुमच्यासाठी लायटर सॉकेट बरं.

कटऑफमध्ये एक छान इंजिनिअरिंग दडलंय. १२.२ ला कॅमेरा तुटला की लोड गेल्यामुळे बॅटरीचं व्होल्टेज किंचित वर येतं, समजा १२.२३. किट बावळट असेल तर परत चालू करेल, परत पडेल, परत चालू... म्हणून चांगलं किट एकदा तोडलं की चावी फिरेपर्यंत किंवा व्होल्टेज बरंच वर जाईपर्यंत परत जोडत नाही. हिस्टेरेसिस! श्मिट ट्रिगर परीक्षेनंतर कुठे भेटेल असं वाटलं नव्हतं, तो मामाच्या डॅशबोर्डखाली भेटला.

कॅमेरा विकत घेताना एकच गोष्ट बघा, आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर. उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळ जे तापमान होतं, ते लिथियमला मानवत नाही, सेल फुगतो. सुपरकपॅसिटर उष्णता जास्त सोसतो. तो कॅमेऱ्याला पुरतो काही सेकंदच, पण ते सेकंद फार महत्त्वाचे. व्हिडिओ फाइल नीट बंद होताना तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मोठ्या अपघातात सप्लाय तुटला आणि फाइल अर्धवट राहिली, तर ती उघडतच नाही, आणि नेमकी तीच फाइल आपल्याला हवी असते. ती कधी कोर्टात द्यायची वेळ आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते. कॉम्प्युटरवाल्यांनो, इथे तुमचा नंबर. मूळ कार्ड बाजूला काढून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरवलेला व्हिडिओ मूळ राहत नाही. आणि कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवा. मागच्या सीटवरच्या लोकांचं घरगुती भांडण साठवायचं मामाला काही कारण नाही.

कोणाच्या घरी ट्रक असेल तर लक्षात ठेवा, तिथे साधारण २४ व्होल्ट असतात. किट १२-२४ दोन्हींचं हवं आणि कटऑफही त्याप्रमाणे. इलेक्ट्रिक गाडीतही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, कॅमेरा तिच्यावरच. नारिंगी जाड केबलच्या जवळपास फिरकायचं नाही.

सगळं झाल्यावर मोजायचं कसं, ते सांगून थांबते. मल्टिमीटर लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत घालून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची केबल यांच्यामध्ये सिरीजमध्ये लावायचा. दरवाजे बंद, चावी खिशात, अर्धा तास थांबायचं, कारण सुरुवातीला गाडीतली युनिट जागी असतात आणि आकडा मोठा दिसतो. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो (आणि मीटर लॅबचा असेल तर लॅब असिस्टंटसुद्धा). आमच्याकडे पहिल्या मिनिटाला अडीच अँपिअर दिसले तेव्हा मामाचा चेहरा बघण्यासारखा होता. पस्तिसाव्या मिनिटाला आकडा ०.२७ वर येऊन स्थिर झाला. मग मीटर काढून केबल परत आवळली, रात्री दहाला बॅटरी १२.६२ होती, सकाळी आठला १२.५५. मामाने गाडी चालू केली, कॅमेऱ्याचा दिवा पार्किंगच्या रंगातून नेहमीच्या रंगात आला, आणि तो भाडं घ्यायला स्टेशनवर गेला.